सेलर अ‍ॅपची टिंगटिंग: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

सोलापुरात आमचा चादर-टॉवेलचा होलसेल धंदा आहे. गेल्या दिवाळीआधी ऑनलाइन विक्रीसाठी एक सेलर अ‍ॅप घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. अ‍ॅप म्हणून ठीक आहे: पेमेंट वेळेवर येतं, लेबल पटकन निघतं. बोलायचंय ते फक्त नोटिफिकेशनबद्दल.

सुरुवातीला मजा वाटायची. ऑर्डर आली की टिंग, कुरिअरवाला निघाला की टिंग. मग हळूच दुसरा माल यायला लागला. "तुमचं दुकान झोपलंय का?", पुढे जांभई देणारा चेहरा. "तुमच्या भागातले सेलर पुढे गेले!" रात्री अकराला "आजची जाहिरात राहिली". आवाज तोच, ऑर्डरचा. आमचे पॅकिंगवाले मामा एकदा म्हणाले, "मालक, फोन लई बोंबलतोय की ओ, किती ऑर्डरी आल्या?" एकही नव्हती.

इथपर्यंत नुसती कटकट होती. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मात्र खिशाला चाट बसली. दुकानात गर्दी, फोन गल्ल्यावर, आणि एका गिऱ्हाइकानं डबल बेडच्या चादरींची ऑर्डर रद्द करायला सांगितलेलं. तो मेसेज सेलच्या जाहिरातींखाली गाडला गेला. पार्सल गेलं, परत आलं, दोन्हीकडचं भाडं आमच्या माथी.

वैताग असा की बंद करायचं तर सगळंच बंद. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, अ‍ॅपला प्रत्येक नोटिफिकेशन कुठल्यातरी चॅनेलमध्ये, म्हणजे कप्प्यात, टाकावं लागतं आणि आपल्याला नको ते एकेक चॅनेल बंद करता येतं. या लोकांनी सगळा माल एकाच चॅनेलमध्ये कोंबला होता, नाव काय तर 'जनरल'. फोनवर येणाऱ्या जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस १९०९ वर डीएनडी लावून थोपवता येतात, पण अ‍ॅपच्या नोटिफिकेशनला ते लागू नाही. तिथे जे करायचं ते सेटिंगमध्येच.

उन्हाळ्याच्या तोंडावर अपडेट आलं आणि ऑर्डर, पेमेंट, ऑफर असे तीन चॅनेल झाले. ऑफर बंद केलं. खरं सांगतो, त्यानंतर मी अ‍ॅप जास्त उघडायला लागलो. टिंग वाजलं म्हणजे काम आहे, एवढी खात्री झाली की माणूस आपणहून फोन उचलतो. आपल्याला दिवसभर उठवलं की आपण जास्त वापरू, असं या कंपन्यांना कोण सांगतं कोण जाणे!

हे सुख दोन अपडेटपुरतं. मग 'व्यवसाय वाढवा' नावाचं नवं चॅनेल आलं, आपोआप चालू, आत जुन्याच जाहिराती. आपण बंद केलेलं चॅनेल अ‍ॅपला परस्पर चालू करता येत नाही, म्हणून ही पळवाट: नव्या नावाचं दुसरं काढायचं. हे मला सरळ फसवणुकीसारखं वाटतं. अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी आधी मागावी लागते, पण आम्ही ती ऑर्डरसाठी दिली होती, जांभयांसाठी नाही.

धाकट्या भावाकडे आयफोन आहे. त्यात आयओएस १५ पासून बिनगरजेची नोटिफिकेशन साठवून ठरलेल्या वेळी एकगठ्ठा दाखवायची सोय आहे. त्यानं सकाळची आणि संध्याकाळची वेळ लावलीय. जाहिराती बघायच्याच असतील तर अशा बघाव्यात, चहा पिताना. हे अ‍ॅपवाल्यांनी स्वतःहून दिलं तर मी ऑफरसुद्धा चालू ठेवीन, कारण सणाआधीच्या सेलची खबर आम्हालाही लागतेच. स्टॉक त्यावरच भरतो.

नव्यानं घेणाऱ्यांनी एक करा. नको असलेलं नोटिफिकेशन आलं की ते सरकवून टाकू नका, दाबून धरा. ते कुठल्या चॅनेलचं आहे ते तिथेच दिसतं, तिथेच बंद करा. आणि प्रत्येक अपडेटनंतर सेटिंगमध्ये एकदा डोकवा, नवं काही उगवलंय का ते बघायला.

ऑर्डर-पेमेंटसाठी चार तारे, नोटिफिकेशनसाठी दोन. 'व्यवसाय वाढवा' मुळातून बंद ठेवून दिलं तर एक वाढवीन.