अमेरिकन निंजाचे पाच भाग: हिरो बदलत राहिला, पोशाख तोच

निकाल आधीच सांगतो म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा येतो ते मोकळे. अमेरिकन निंजा, म्हणजे तोंड झाकून लढणाऱ्या जपानी पद्धतीच्या योद्ध्याच्या अॅक्शन पिक्चरची मालिका, तिचा पहिला भाग बघाच, दुसरा त्याहून जास्त धमाल, तिसरा भडंग संपेपर्यंत चालतो, चौथा अर्धा झाल्यावर सुरू केला तरी काय बिघडत नाही, आणि पाचवा कुणी फुकट दाखवला तरी नको. आम्ही सगळे सांगलीत विश्रामबागला दाजींच्या टीव्हीवर बघितले, मोठ्या आवाजात, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येईपर्यंत.

मारामारी, स्फोट वगैरे ठीकंय, ते सगळ्या अॅक्शन पिक्चरमध्ये असतंच. मला बोलायचंय ते कास्टिंगवर, कारण असला बिनधास्त कारभार मी दुसरीकडं फार कमी बघितलाय.

पहिला आला १९८५ ला. कॅनन नावाची कंपनी, मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस ही चुलत भावांची जोडी ती चालवायची, कमी पैशात पटापट पिक्चर काढणं हाच धंदा. हिरो मायकल डुडिकॉफ, रोल ज्यो आर्मस्ट्राँग, फिलिपिन्समधल्या अमेरिकन लष्करी तळावरचा शिपाई, ज्याला आपलं लहानपण आठवत नाही पण हातापायांना सगळं आठवतं. आता गंमत अशी की डुडिकॉफ कराटेवाला नव्हताच, मॉडेलिंग करून आलेला गडी. त्यामुळं तो कमी बोलतो, चेहऱ्यावर एकच भाव ठेवतो, आणि खरं सांगू का, रोलला ते एकदम फिट बसतं. तळावर स्टीव्ह जेम्सचा जॅक्सन त्याच्याशी भिडतो तो सीन बघा, हा ज्यो पठ्ठ्या सरळ डोक्यावर बादली घालून घेतो आणि न बघता त्याला हाणतो. बादली! आम्ही तो सीन मागं घेऊन परत बघितला. आणि शेवटाला ब्लॅक स्टार निंजा मनगटातून लेसर सोडतो, म्हणजे हजारो वर्षांची परंपरा वगैरे सगळं सांगून झाल्यावर लेसर.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "आरं, पण हा तोंड झाकून मारतोय, तर आत दुसराच कुणी असला तर आपल्याला काय कळणार?"

दाजींनी नकळत सगळ्या धंद्याचं मर्म सांगितलं. याच कंपनीचा १९८१ चा 'एंटर द निंजा' होता, त्यात आधी हिरो होणार होता माइक स्टोन, तो खरा कराटे चॅम्पियन. ऐनवेळी हिरो झाला फ्रँको नीरो, इटालियन स्टार, आणि स्टोन मागं राहिला फाइट बसवायला आणि नीरोच्या जागी पोशाख घालून मारामारी करायला. वर नीरोचा आवाजही डब केलेला. म्हणजे चेहरा एकाचा, लाथा दुसऱ्याच्या, आवाज तिसऱ्याचा, असा मिळून एक हिरो. त्यातच व्हिलन होता शो कोसुगी, तो १९८३ च्या पुढच्या भागात हिरो झाला आणि १९८४ च्या तिसऱ्या भागात आणखी वेगळाच माणूस. कुणी काही विचारायचं नाही. मास्क घातला की संपलं, आणि मास्कमुळं मेलेला स्टंटवाला पुढच्या सीनमध्ये परत उभा केला तरी कुणाच्या बापाला कळत नाही, पैसे वाचतात ते वेगळे. तोच माइक स्टोन अमेरिकन निंजाच्या पहिल्या भागात फाइट बसवतो आणि दुसऱ्या भागात चक्क पडद्यावर व्हिलनचा निंजा म्हणून येतो.

दुसरा भाग १९८७ चा, शूटिंग दक्षिण आफ्रिकेत, दाखवायचं मात्र कॅरिबियन बेट. तिथले मरीन युनिफॉर्म न घालता बीचवरच्या शर्टात फिरतात आणि पिक्चर त्याचं कारणही देतो, लोकांच्या नजरेत भरायला नको म्हणून म्हणे. माझा अंदाज, युनिफॉर्मचा खर्च वाचला. व्हिलन लायन, जो प्रयोगशाळेत सुपर निंजे तयार करतो, तो झालाय गॅरी कॉनवे, आणि स्क्रिप्टही त्याचीच, जेम्स बूथबरोबर लिहिलेली. हा बूथ पुढं चौथ्या भागात व्हिलन मलग्रू म्हणून हजर! लिहिणारे दोघंही व्हिलन, आता याला काय म्हणायचं. पहिल्या भागातली हिरोईन कुठं गेली हे मात्र दोघांनीही लिहिलं नाही.

आता खरा घोळ, तिसरा भाग, १९८९. डुडिकॉफ गायब. त्याच्या जागी डेव्हिड ब्रॅडली, याला कराटे खरंच येतं, हे दोन मिनिटांत दिसतं. आपल्या मालिकांमध्ये निदान खाली पट्टी तरी येते की यापुढं ही भूमिका अमुक करतील. इथं भूमिकाच नवी, शॉन डेव्हिडसन, नाव वेगळं, माणूस वेगळा, पण अमेरिकन निंजा हाच. आणि गोष्ट? ज्योला लहानपणी जपानी गुरूनं वाढवलेलं, तर यालाही लहानपणी बाप मेल्यावर जपानी गुरूनंच वाढवलेलं. एकच झेरॉक्स, वरचं नाव फक्त खोडलेलं. कोब्रा नावाचा व्हिलन त्याला व्हायरस टोचतो, ते सोडा. ज्यो कुठं गेला याचा कुणाला पत्ता नाही. दाजी बराच वेळ त्याला ज्योच समजत होते, हेअरकट बदललाय म्हणाले.

याउलट 'किकबॉक्सर' या दुसऱ्या मारामारीच्या मालिकेवाल्यांनी निदान कष्ट तरी घेतले होते. १९८९ च्या पहिल्यात व्हॅन डॅम हिरो, १९९१ च्या दुसऱ्यात तो नाही, मग सांगितलं की पहिल्यातले दोघं भाऊ मारले गेले आणि यांचा एक तिसरा भाऊ पण होता, ज्याचा पहिल्या पिक्चरमध्ये कुणी उल्लेखही केलेला नाही. खोटं का असेना, कारण दिलं.

तर तिसऱ्या भागापर्यंत मालिका एकत्र धरून ठेवलीये ती जॅक्सननं. स्टीव्ह जेम्स पहिल्या तिन्हीत आहे, रोल तोच, नाव तेच, आणि मारामारीत सगळ्यात जास्त मजा त्यालाच येतीये हे स्पष्ट दिसतं. हिरो गंभीर चेहऱ्यानं लढतो, हा हसत लढतो. आम्ही नाट्यपंढरीतली माणसं, काम कोण करतंय आणि नुसता उभा कोण राहिलाय हे लगेच कळतं, आणि माझं मत असं की हिरो बदलायचाच होता तर ब्रॅडलीला आणायची गरजच काय, जॅक्सनला काळा पोशाख चढवायचा आणि त्याच्याच नावावर तिसरा भाग काढायचा. बाजूच्या रोलमध्ये वाया घालवला माणूस. १९९३ ला तो गेला, फक्त ४१ वर्षांचा होता.

चौथ्यात तो नाही आणि का नाही हे सांगायची तसदी नाही. उलट दोन्ही हिरो एकत्र, ऐकायला भारी वाटतं ना? शॉन पकडला जातो, मग पिक्चर बराच पुढं गेल्यावर ज्यो, म्हणजे परत आलेला डुडिकॉफ, त्याला सोडवायला येतो. दोघांची एकत्र मारामारी बघायची म्हणून बसलात तर हिरमोड ठरलेला.

पाचवा १९९३ चा. ब्रॅडली आहे, पण शॉन नाही! आता तो ज्यो कॅसल. मुळात वेगळ्याच नावानं सुरू झालेला पिक्चर, नंतर अमेरिकन निंजाचं लेबल चिकटवलं. 'कराटे किड'मधला गुरू पॅट मोरिटा यात आहे, नाव मोठं, काम एवढंसं. आधीच्या चार भागांशी काडीचा संबंध नाही, आणि सोबत एक पोरगा दिलाय हिरोला.

तेव्हा पहिला आणि दुसरा लागोपाठ बघा, तिसरा जॅक्सनसाठी, बाकी सोडा. दाजींना आता किकबॉक्सरचे भाग हवेत, मी आत्ताच सांगून ठेवलंय की चौथ्यात व्हिलन टाँग पो आल्यावर हा कोण म्हणून ओरडायचं नाही, पहिल्या दोनमध्ये मिशेल किसी होता, इथं कमेल क्रिफा आहे, गप बघायचं.