फॅमिलीसर्च : नोंदींसाठी उत्तम, सामायिक वंशवृक्षासाठी जपून

पूर्वजांच्या स्थलांतराचा माग काढण्यासाठी उपलब्ध असलेल्या बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर वर्गणी भरावी लागते. फॅमिलीसर्च मात्र खाते उघडले की विनामूल्य वापरता येते. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ ही अमेरिकेतील धर्मसंस्था ते चालवते. याच संस्थेच्या आश्रयाने १८९४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने १९३८ पासून देशोदेशींची दप्तरे मायक्रोफिल्मवर उतरवून घेतली आणि अशा सुमारे २४ लाख रिळांचे डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झाले.

या सेवेचे खरे मोल मूळ पानाच्या छायाचित्रात आहे. नाव टाकून शोध घेतल्यावर प्रथम दिसते ती स्वयंसेवकांनी किंवा संगणकाने जुने हस्ताक्षर वाचून केलेली सूची असते, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून निम्मी माहिती निसटते. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेचेच पाहा. कुटुंब १ एप्रिल १९३५ रोजी कुठे राहत होते हा प्रश्न तीत विचारलेला असल्यामुळे पाच वर्षांतील हालचाल एकाच ओळीत सापडते. शिवाय ज्याने माहिती सांगितली त्याच्या नावापुढे प्रगणकाने वर्तुळातील फुली मारायची होती. वय किंवा जन्मस्थान नेमके कोणाच्या तोंडून आले हे त्या फुलीवरून समजते, आणि नोंदीवर किती विसंबायचे हे ठरवायला याहून चांगला आधार क्वचितच मिळतो.

जहाजांच्या प्रवासीयाद्यांबाबत तर मूळ पान पाहण्याचा आग्रह अधिकच धरावा लागतो. अमेरिकेत येणाऱ्या जहाजांच्या १९०७ नंतरच्या याद्यांत मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे कुटुंबाचे मूळ गाव कळण्याची शक्यता सर्वाधिक तिथेच असते. मात्र ही यादी समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते. प्रवासी कोणाकडे निघाला आहे आणि त्याचा जन्म कुठे झाला हे दुसऱ्या पानावर येते, म्हणून शोधातून उघडलेले चित्र पाहून झाल्यावर पुढचे चित्रही आवर्जून उघडावे. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावरच्या स्थलांतरित-तपासणी केंद्रातील अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली ही समजूतही या याद्यांपुढे टिकत नाही, कारण त्या जहाज निघण्याच्या बंदरातच तयार होत आणि बेटावरचे निरीक्षक त्यांवरूनच तपासणी करीत.

शोधात काहीच आले नाही म्हणून माणूस तिथे नव्हताच, असा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाली, तर इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली. शिवाय पुष्कळ दप्तरांची सूची अद्याप झालेलीच नाही. त्यांची चित्रे ठिकाणाच्या नावाने कॅटलॉगमध्ये शोधून पानामागून पान चाळावी लागतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण संकेतस्थळाचा हा कोपरा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सामायिक वंशवृक्षाबाबत मात्र माझे मत अनुकूल नाही. तिथे प्रत्येक मृत व्यक्तीचे साऱ्या जगासाठी एकच पान असावे, अशी योजना आहे आणि कोणताही खातेदार ते बदलू शकतो. त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे एकत्र जोडली जाण्याचा धोका कायम राहतो. प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि तो मागेही घेता येतो, पण त्यासाठी कोणीतरी सतत पहारा द्यायला हवा. आपली वंशावळ स्वतःच्या संगणकावर ठेवावी, आणि या वृक्षातील नात्याला मूळ नोंद जोडलेली नसेल तर ते स्वीकारू नये.

काही चित्रे, मूळ दप्तराच्या मालकांशी झालेल्या करारांमुळे, घरून उघडत नाहीत. ती पाहण्यासाठी संस्थेच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावे लागते. तिथे जाण्यापूर्वी चित्रसंचाचा क्रमांक आणि चित्राचा क्रमांक लिहून घेतल्यास बराच वेळ वाचतो.