मुलांच्या वाचनगटासाठी काय घ्यावं: बालकादंबरी की ग्राफिक मेमॉयर?

नऊ ते तेरा वर्षांची सहा-आठ मुलं एकत्र बसून पुस्तकांवर बोलणार आहेत आणि पहिलं पुस्तक तुम्हाला ठरवायचं आहे. एक पर्याय कादंबरीचा. दुसरा ग्राफिक मेमॉयरचा, म्हणजे लेखकाने आपल्या आयुष्यातला एखादा काळ चित्रचौकटींतून सांगितलेल्या पुस्तकाचा. मुलांना दोन्ही आवडतात, पण दोन्हींवर होणारी चर्चा एकसारखी नसते. आमचं मत आधीच सांगून टाकतो: मुलं एकमेकांना नवखी असतील, ‘छान होतं’च्या पुढे गाडी सरकत नसेल, तर ग्राफिक मेमॉयरने सुरुवात करा. मतं मांडायची सवय लागली की कादंबरी घ्या. साधारण एकाच विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की यामागचं कारण दिसतं.

‘वंडर’ आणि ‘एल डेफो’

आर. जे. पलासिओ यांची ‘वंडर’ (२०१२) ही कादंबरी आणि सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ (२०१४) हे ग्राफिक मेमॉयर. दोन्हींत इतरांच्या नजरा झेलणारं मूल आहे, नवी शाळा आहे आणि मैत्रीसाठीची धडपड आहे. ‘वंडर’मधल्या ऑगस्टचा चेहरा जन्मापासून वेगळा आहे, तो दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा शाळेत जातो. सीसीला चौथ्या वर्षी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) झाला आणि तिला ऐकू येणं जवळपास बंद झालं. ती छातीवर पट्ट्यांनी बांधलेलं मोठं श्रवणयंत्र घालून शाळेत जाते.

ऑगस्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी कसा दिसतो याचं वर्णन करणार नाही. बरीच पानं वाचकाला तो चेहरा स्वतःच रचावा लागतो. पुढे बहीण व्हाया आपल्या भागात तो तपशिलाने सांगते. कादंबरीची ताकद इथे आहे. व्हायाचा भाग सुरू होण्याआधी थांबा, प्रत्येक मुलाला कोरा कागद द्या आणि पाच मिनिटांत आपल्या मनातला ऑगस्ट काढायला किंवा तीन ओळींत लिहायला सांगा. सहा मुलांचे सहा चेहरे निघतात, आणि ‘तुला असाच का वाटला?’ हे मुलं एकमेकांना आपणहून विचारतात. २०१७चा चित्रपट कुणी पाहिलाय ते मात्र आधी विचारून घ्या. त्या मुलांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा चेहरा पक्का बसलेला असतो. त्यांना वेगळा प्रश्न द्या: अंतराळवीराचं हेल्मेट ऑगस्टला कशासाठी हवं होतं?

‘एल डेफो’त कल्पनेला वाव कमी, पण बोट ठेवून दाखवण्यासारखं पानोपानी आहे. यंत्राची बॅटरी उतरत जाते तशी संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकी होत जातात आणि शेवटी फुगा रिकामाच राहतो. समोरच्याचं बोलणं नीट कळलं नाही, की फुग्यात अर्थ न लागणारे शब्द येतात. सगळी पात्रं सशांच्या रूपात काढली आहेत, लांब कानांची. एरवी तोंड न उघडणारं मूलही त्या रिकाम्या फुग्यावर बोट ठेवून ‘मला हे आवडलं’ एवढं म्हणतं. तेवढं पुरतं, कारण ‘का?’ हा पुढचा प्रश्न दुसरं कुणीतरी विचारतं. कादंबरीवर बोलायचं तर प्रसंग आठवावा लागतो, तो स्वतःच्या शब्दांत सांगावा लागतो आणि मग मत द्यावं लागतं. नवखं मूल पहिल्याच पायरीवर अडतं.

बाजू कुणाची ऐकायची, यावरही दोन्ही पुस्तकं वेगळं बोलायला लावतात. ‘वंडर’चे भाग आठ आणि निवेदक सहा: ऑगस्ट, व्हाया, समर, जॅक, जस्टिन आणि मिरांडा. ऑगस्टला सर्वांत जास्त छळणाऱ्या ज्युलियनला एकही भाग नाही. त्याची बाजू लेखिकेने २०१४मध्ये स्वतंत्रपणे लिहिली. ‘ज्युलियनला मूळ पुस्तकात भाग द्यायला हवा होता का?’ एवढा एक प्रश्न अख्खी बैठक पुरवतो. ‘एल डेफो’त सगळं सीसीच्याच नजरेतून आहे. तिच्याशी मुद्दाम मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून बोलणारी जिनी वाईट आहे का, की तिला मदतच करायची होती? हे मुलांनी चौकटीतल्या चेहऱ्यांवरून ताडायचं.

मेमॉयरची खरी अडचण इथेच उभी राहते. गोष्ट खऱ्या माणसाची आहे हे कळलं की मुलं टीका करायला कचरतात. ‘तिच्यासोबत असं झालंय, मग नावं कशी ठेवायची?’ आणि मग सगळ्यांची मतं एका सुरात कौतुकाची होतात. यावर उपाय आहे: प्रश्न माणसाबद्दल विचारू नका, पुस्तकाबद्दल विचारा. ‘सीसी चुकली का?’ असं विचारण्यापेक्षा ‘हा प्रसंग लेखिकेने एवढा मोठा का काढला असेल?’ किंवा ‘कोणता प्रसंग दोन चौकटींत उरकला, आणि तो जास्त हवा होता का?’ असं विचारलं की जीभ मोकळी होते. कादंबरीत हा संकोच नसतो. ऑगस्टला शेवटी मिळालेल्या सन्मानावर अकरा-बारा वर्षांची मुलं बेधडक बोलतात: तो त्याने काही केलं म्हणून मिळाला, की त्याने सहन केलं म्हणून?

याच वयाच्या मुलांसाठी आणखी एक प्रश्न दोन्ही पुस्तकं एकत्र वाचल्यावरच निघतो. पलासिओ यांना ‘वंडर’ सुचली ती आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर चेहरा वेगळा असलेली एक लहान मुलगी दिसल्यावर. बेल यांनी स्वतःचंच बालपण काढलंय, आणि शेवटच्या टिपणात ‘बहिरेपणाचा प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो’ असंही बजावलंय. बाहेरून पाहणाऱ्याने लिहावं की आतून जगलेल्याने? हे टिपण मुलं हमखास गाळतात. ते मोठ्याने वाचून दाखवा.

कादंबरी आणि मेमॉयर यांच्या सीमेवर

दुसरी जोडी अशी: लिंडा सू पार्क यांची ‘अ लाँग वॉक टू वॉटर’ (२०१०) आणि व्हिक्टोरिया जेमिसन व ओमर मोहम्मद यांचं ‘व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड’ (२०२०). पहिलं पुस्तक कादंबरी असूनही त्यातला साल्वा दुत हा खरा माणूस आहे. १९८५मध्ये सुदानच्या यादवी युद्धात घरापासून तुटलेला अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या जोडीने चालणारी २००८मधल्या न्या या मुलीची गोष्ट मात्र रचलेली आहे. दुसऱ्यात सोमालियातून आलेले ओमर आणि त्याचा धाकटा भाऊ हसन केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत वाढतात.

साल्वाच्या कादंबरीत वाक्यं आखूड आहेत आणि मृत्यू दोन ओळींत येऊन जातो. काही मुलांच्या तो नजरेतूनच सुटतो, आणि चर्चेत दुसऱ्याने सांगितल्यावर ती दचकतात. म्हणून काकांचा मृत्यू आणि गिलो नदी ओलांडण्याचा प्रसंग घरी एकट्याने वाचायला देऊ नका, बैठकीतच वाचा. ओमरच्या पुस्तकात धावपळ कमी आणि वाट बघणं जास्त: पाण्यासाठीची रांग, रेशनची रांग, दुसऱ्या देशात वसण्यासाठीच्या मुलाखतीच्या यादीत नाव येण्याची वर्षानुवर्षांची वाट. हसन एकच शब्द बोलतो, ‘होयो’, सोमाली भाषेत आई. बाकी सगळं त्याचा चेहरा आणि हात बोलतात, आणि तिथे चित्रं जे काम करतात ते परिच्छेदाला जमलं नसतं. दोन्ही पुस्तकांना पूर्व आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लावाच. नाहीतर सुदान आणि सोमालिया यांची सरमिसळ होते आणि मतं त्या गोंधळावरच उभी राहतात. साल्वाही शेवटी केनियात पोहोचतो, काकुमा आणि मग इफोच्या छावणीत. इफो दादाबमध्येच आहे, हे नकाशावर सापडल्यावर मुलं दोन्ही पुस्तकं नव्याने उघडतात.

वेळ आणि प्रती

‘वंडर’ सुमारे ७० हजार शब्दांची आहे. मिनिटाला दीडशे शब्द वाचणाऱ्या मुलाला आठ तास लागतात, म्हणजे रोज अर्धा तास धरला तर दोन आठवड्यांहून थोडं जास्त. ‘अ लाँग वॉक टू वॉटर’ सुमारे २० हजार शब्दांची. चार-पाच दिवसांत होते. अडीचशे पानांचं ग्राफिक मेमॉयर सरावलेलं मूल दीड-दोन तासांत संपवतं. ‘एवढ्या लवकर संपलं, मग वाचलं काय?’ अशी तक्रार मोठ्यांकडून येते, आणि पहिल्या वाचनापुरती ती खरीही असते. पहिल्यांदा मुलं फक्त फुगे वाचत पळतात. म्हणून दुसरं वाचन गृहीत धरा, आणि त्यात शब्द झाकून नुसती चित्रं बघायला सांगा. चौकट मोठी कुठे होते, पार्श्वभूमी कुठे गायब होते, रंग कुठे बदलतो: प्रत्येकाने तीन जागा शोधायच्या. हे न करता बैठक घेतली तर ती वीस मिनिटांत आटोपते.

प्रतींचा हिशेब नेमका उलटा आहे. कादंबरी एका प्रतीवर निभावते, कारण ती मोठ्याने वाचून दाखवता येते. ग्राफिक मेमॉयर मोठ्याने वाचता येत नाही. दोन मुलांमागे किमान एक प्रत हवी. प्रती मिळत नसतील तर कादंबरीच घ्या, मेमॉयरचा आग्रह धरू नका. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सने काम भागवणं तर नकोच: बेकायदा आहेच, शिवाय ‘एल डेफो’तल्या फिक्या पडत जाणाऱ्या अक्षरांचा सगळा परिणाम त्यात मातीमोल होतो. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोयही टाळा. त्यात अख्ख्या पानाची मांडणी दिसतच नाही. टॅबलेटवर पूर्ण पान दिसत असेल तर हरकत नाही.

चित्रपुस्तकांची सवय नसलेल्या मुलाला चौकटींचा क्रम चुकतो. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि एकाच चौकटीत वरचा फुगा आधी: पहिली तीन पानं एकत्र वाचून हे दाखवून द्या. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांना चित्रांमुळे अर्थ लागतो खरा, पण बऱ्याच कॉमिक्समध्ये सगळा मजकूर मोठ्या लिपीतल्या अक्षरांत असतो आणि तो वाचून काही मुलं लवकर थकतात. एका पुस्तकातली दोन पानं वाचायला देऊन बघा, मग ठरवा.

मतं बाहेर कशी काढायची

प्रत्येकाला तीन स्टिकी नोट द्या: एक ‘पटलं’, एक ‘पटलं नाही’, एक ‘कळलं नाही’. वाचतानाच त्या पानावर लावायच्या. बैठकीत नियम एकच: मत दिलं की पान क्रमांक द्यायचा. कादंबरीच्या प्रती वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या असतील तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि दहा मिनिटं शोधण्यात जातात. त्यासाठी प्रकरणाचं नाव लिहून घ्या. सुरुवात ‘कळलं नाही’च्या चिठ्ठ्यांनी करा. आवडलं-नावडलं आधी विचारलं की बोलकं मूल निकाल देऊन मोकळं होतं आणि बाकीचे त्याच्यामागे माना डोलावतात.

मेमॉयरवर बोलताना मुलं स्वतःच्या घरचं, आजारपणाचं, शाळेतल्या छळाचं बोलू लागतात. रेना टेल्गेमायर यांच्या ‘स्माइल’मध्ये (२०१०) पडून पुढचे दात गेल्यावरची उपचारांची वर्षं आहेत; त्यावर दातांच्या तारांचे किस्से निघतात आणि त्यात काही धोका नाही. गट नुकताच जमलेला असेल तर सुरुवातीला हेच पुस्तक सर्वांत सोपं. पण याच लेखिकेच्या ‘गट्स’मध्ये (२०१९) भीती आणि पोटदुखी यांचं नातं येतं, आणि तिथे एखादं मूल आत साठलेलं बोलून जातं. ते गटाचं खाद्य होऊ देऊ नका. ‘हे तू सांगितलंस ते बरं केलंस, आपण नंतर बोलू’ असं म्हणून पुस्तकाकडे वळा, आणि नंतर खरंच बोला.

चित्रं आहेत म्हणून लहानांचं नव्हे

चित्रं बघून वय ठरवू नका. जॅरेट क्रोसोच्का यांच्या ‘हे, किड्डो’मध्ये (२०१८) आईचं हेरॉइनचं व्यसन आहे, बारा-तेराच्या आत ते देऊ नये. मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ आणि आर्ट श्पीगलमन यांचं ‘माउस’ मोठ्या किशोरांसाठी आहेत, ‘माउस’मधले उंदीर कितीही ओळखीचे वाटले तरी.

खरं काय आणि रचलेलं काय, यातही फसगत होते. जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ (२०१९) मुलं आत्मकथन समजून वाचतात, पण ती कल्पित गोष्ट आहे. २०२०मध्ये न्यूबेरी पदक (बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) मिळवणारं ते पहिलं ग्राफिक पुस्तक. ‘चित्रांचं पुस्तक म्हणजे खरं वाचन नव्हे’ म्हणणाऱ्या पालकांना एवढं सांगितलं तरी पुरे. पुस्तक घेताना शेवटची पानं आधी उघडा. मेमॉयरमध्ये तिथे बहुधा लेखकाचं टिपण आणि अनेकदा लहानपणीचे फोटो असतात.

वेळ असेल तर जोडीच घ्या. आधी मेमॉयर, मग तीन आठवड्यांनी कादंबरी. उलट क्रमाने गेलात तर लांब कादंबरीने दमलेली मुलं मेमॉयर विश्रांती म्हणून चाळतात. दोन्हींना एकच प्रश्न समान ठेवा, उदाहरणार्थ ‘कुणाची बाजू ऐकायची राहिली?’ आणि दोन्ही वेळची उत्तरं एकाच मोठ्या कागदावर समोरासमोर लिहा. कोणतं जास्त आवडलं यासाठी हात वर करायला लावू नका, कारण हात वर करण्याआधी मुलं शेजाऱ्याकडे बघतात. चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्या, कारणाची एक ओळ सक्तीची ठेवा आणि सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. पुढचं पुस्तक निवडायला त्या ओळीच उपयोगी पडतात.