कच्छ रोड ट्रिप: रणाच्या आधी भुज बघा, आणि धोलावीराला मुक्काम करा

कच्छ म्हटलं की सगळे आधी रणाकाठच्या धोरडो गावातला टेंट बुक करतात, मिठाचं पांढरं रण, उंट, फोटो, झालं. रण सुंदर आहेच, त्यात वादच नाही, पण भुज नुसतं झोपायला वापरलं तर कच्छ कळतच नाही.

सगळ्यात भारी वाटलं ते भुजिया डुंगरावरचं स्मृतीवन. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं हे स्मारक २०२२ मध्ये सुरू झालं. चढताना वाटेत पाणी अडवणारे बांध लागतात आणि त्यांच्या भिंतींवर गेलेल्या माणसांची नावं आहेत, एकेक वाचत गेलं की पाय उचलत नाही. आत एका दालनात जमीन खरंच हलते, लहान मुलं घाबरू शकतात, त्यांना आधी सांगून ठेवा. घाईघाईत उरकायची जागा नाही ही, निदान तीन तास ठेवा.

कच्छ म्युझियम १८७७ चं, मांडणी जुन्या वळणाची, पण इथे कच्छमधल्याच अंधौ गावचे क्षत्रप राजांचे शिलालेख आहेत, त्यांच्यातल्या चष्टन आणि रुद्रदामनच्या काळातले. आपल्याकडे सातवाहन शिकताना ज्यांच्याशी लढाया वाचतो तेच हे क्षत्रप, त्यामुळे मराठी माणसाने तर चुकवूच नये. आयना महाल हा जुना राजवाडा जवळच आहे, तोही बघून घ्या.

भुजजवळच्या अजरखपूरचं एलएलडीसी हे हस्तकलांचं म्युझियम कापडाची आवड नसली तरी बघा. सूफ भरतकामात कापडावर आधी काहीच आखत नाहीत, बाई उलट्या बाजूने धागे मोजत टाके घालते आणि सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटते. इतकी नेमकी की मी काचेला नाक लावून बघत होते.

मग भुजच्या उत्तरेच्या खावडा गावाहून धोलावीराचा रस्ता, दोन्ही बाजूंना रण, मध्ये सरळ डांबरी पट्टा. धोलावीरा म्हणजे हडप्पा संस्कृतीतलं प्राचीन शहर, २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गाइड घ्याच, नाहीतर नुसते दगड दिसतील. मानसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे बांध घालून अडवायचे आणि पाणी दगडी तलावांत वळवायचे, आजही तलावाच्या पायऱ्या उतरून तळाशी जाता येतं, वर मान करून बघितलं की कळतं वाळवंटात शहर कसं टिकलं ते. बरेच जण एका दिवसात जाऊन परत येतात, तसं करू नका, गावात साधी राहायची सोय मिळते, सकाळच्या उन्हात उत्खनन वेगळंच दिसतं.

खावड्याजवळच्या काळा डुंगरवर दत्ताचं देऊळ आहे, प्रसाद कोल्ह्यांना घालतात, संध्याकाळी जा.

धोरडोत आम्ही राहिलो तिथे रात्री मोठ्याने गाणी चालू होती, शांत रण हवं असेल तर बुक करतानाच विचारा. रणाला परमिट लागतं. पावसाचं पाणी बरेचदा नोव्हेंबरपर्यंत साचून असतं, कोरडं पांढरं मीठ हवं तर डिसेंबरनंतर जा. म्युझियमच्या सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, ते बघूनच भुजचा दिवस ठरवा, आणि खावड्याच्या पुढे जाताना टाकी फुल ठेवा.