सर्जन दाखवले एक, ऑपरेशन केलं दुसऱ्यानेच

ओपीडीत ज्या सर्जननी तपासलं, तेच ऑपरेशन करतील असं धरून चालू नका. पूर्व उपनगरातल्या एका नर्सिंग होमने माझ्या वहिनीच्या बाबतीत माणूसच बदलला आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाही.

वहिनीच्या पित्ताशयात खडे होते. नावाजलेले सर्जन, दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. दादाने त्यांच्या नावावर विश्वास ठेवून होकार दिला. बिलात फीही त्यांचीच लावली होती. ऑपरेशननंतर वहिनीचं पोट फुगलं, डोळे पिवळे दिसायला लागले. ‘गॅस आहे, होतं असं’ म्हणत नर्सिंग होमने डिस्चार्ज दिला. पुढे केईएममध्ये नेल्यावर कळलं, पित्तनलिकेला इजा होऊन पित्त पोटात झिरपत होतं. तिथे एंडोस्कोपीने स्टेंट टाकला, म्हणून ती वाचली.

पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनमधला माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही ती होते. तेवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण पुढे जे झालं ते धोक्यात मोडत नाही.

केसपेपर मागितले तर काउंटरवरून उत्तर आलं, ‘कोर्टाची ऑर्डर आणा.’ ही शुद्ध थाप. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्जावर पोच देईनात, तेव्हा तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवला. मग कागद मिळाले.

भूल दिल्याच्या शीटवर सर्जनच्या रकान्यात भलतंच नाव होतं. या डॉक्टरांना आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. संमतीपत्रावर वहिनीच्या सहीच्या वर, दाटीवाटीने, वेगळ्या शाईत एक ओळ होती: ‘आवश्यकतेनुसार अन्य सर्जन शस्त्रक्रिया करतील, समजावून सांगितले.’ सही झाली तेव्हाच पुतण्याने मेडिक्लेमसाठी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात ती जागा कोरी आहे!

हे विचारल्यावर त्यांचा माणूस चेक घेऊन घरी आला. सोबत टाइप केलेला कागद: पैसे मिळाले, यापुढे कुठेही तक्रार करणार नाही. वहिनी अंथरुणावरूनच म्हणाली, ‘त्यांना सांगा, मी सही करणार नाही.’ तिच्या धीराचं मला फार कौतुक वाटलं.

वकिलांनी मार्ग समजावून सांगितले. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलंय. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र हा मार्ग नाही, तिथे दिवाणी दावा करावा लागतो. २०१९ च्या कायद्यात माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटीच आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, उपचारासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून ‘बघू, मिटवू’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल आवर्जून वाचा. फक्त तपासणीपुरती संमती असताना गर्भाशय काढलं, ते न्यायालयाने बेकायदा ठरवलं. पोलिसांत जाणं अवघड आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो आणि तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतंत्र मतही लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही.

आम्ही कौन्सिल आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे तक्रार केली आहे. आयोगाची नोटीस त्यांना मिळाली आहे. लेखी जबाबाला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्या वेगळ्या शाईतल्या ओळीबद्दल ते काय लिहून देतात, याची आता वाट बघतोय.