पर्यावरण : एका तासिकेत की शाळाभर?

पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. स्वतंत्र तासिकेत मूल्यमापन सोपे जाते. परंतु २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या मुलांकडून टंचाईची व्याख्या पाठ करून घेणे मला अपुरे वाटते. याउलट पर्यावरण शाळेच्या सर्व व्यवहारांत मुरले, तर १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी जमते, हे मुले गणिताच्या तासाला स्वतः मोजतात, पोषण आहाराच्या भाज्या धुतलेले पाणी परसबागेला जाते आणि पालकसभेत बोअरच्या वाढत्या खोलीवर चर्चा होते. माझी पसंती या दुसऱ्या मार्गाला आहे; मात्र त्याची जबाबदारी एकाच शिक्षकावर टाकली, तर त्याच्या बदलीबरोबर उपक्रमही थांबतो.