नॉट इन की नॉट एक्झिस्ट्स?

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत, एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायचेत. ‘नॉट इन’ (यादीत नसलेले) वाचायला सोपं, पण ऑर्डर टेबलमधून येणाऱ्या ग्राहक क्रमांकांच्या यादीत एक जरी नल, म्हणजे न भरलेली किंमत, शिरला की निकालात शून्य ओळी! एररही येत नाही, हीच खरी गोम. 5 बरोबर नल आहे का, याला एसक्यूएलचं उत्तर ‘नाही’ नसून ‘माहीत नाही’ असतं. ते उलटवलं तरी ‘माहीत नाही’च राहतं, आणि ओळी गाळणारं ‘वेअर’ फक्त ‘हो’ आलेल्या ओळी ठेवतं.

‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहायला लांबलचक, पण जुळणारी ओळ सापडली की नाही, एवढंच बघतं. मी तेच वापरतो. दोन्ही टेबलांतल्या ग्राहक क्रमांकाच्या कॉलमवर ‘नॉट नल’ची (नल चालणार नाही अशी) अट असेल, तर मात्र काहीही लिहा.